जुन्या थकबाकीदाराला नवं कर्ज

बँकेत मी ३६ वर्षं काढली. १९८३ साली कारकून म्हणून लागलो आणि २०१९ साली मुख्य व्यवस्थापक होऊन निवृत्त झालो. या काळात किती कर्जं मंजूर केली आणि किती नाकारली, याची मोजदाद नाही. पण एक सवय मात्र अंगात मुरली. समोरच्याने अर्जात काय लिहिलं आहे, यापेक्षा काय लिहायचं टाळलं आहे, ते आधी पाहायचं. ‘इतर बँकांची येणी’ या रकान्यात नुसती आडवी रेघ ओढलेली दिसली, की माझा चष्मा आपोआप नाकावर घसरायचा. त्या आडव्या रेघेखाली काय काय दडलेलं असतं, हे अनुभवाने कळलेलं होतं.

असा हा चाणाक्ष माणूस डिसेंबर २०१८ मध्ये एका दंतवैद्याच्या दवाखान्यात बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक छापील अर्ज होता. नाव, वय, पूर्वीचे आजार, चालू औषधं. ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नापुढे मी लिहिलं, ‘आहे, नियंत्रणात.’ खरं तर शेवटची तपासणी करून आठ महिने उलटले होते आणि तेव्हाचा एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, आकडा ९.१ होता. त्याला नियंत्रण म्हणायचं, तर थकलेल्या खात्यालाही नियमित म्हणावं लागेल. पुढचा प्रश्न होता, ‘तंबाखू, सिगारेट, इतर व्यसन?’ तिथे मी शांतपणे आडवी रेघ ओढली. तेव्हा माझ्या पँटच्या खिशात चुन्याची डबी होती.

दाताच्या कामाला तंबाखूचं काय सांगायचं, असं मनात आलं. शिवाय समोर बसलेल्या डॉक्टर मुलीच्या वयाच्या होत्या. पांढरपेशा माणसाला असली लाज भलत्या ठिकाणी वाटते.

तंबाखूची गोष्ट निपाणीची. १९८६ साली माझी तिकडे बदली झाली. शेतीकर्जाच्या पाहणीसाठी तंबाखूच्या मळ्यांतून हिंडावं लागे. बांधावर बसलं, की शेतकरी आदराने चिमूट मळून पुढे करायचा. ‘साहेब, नको म्हणू नका’ या आग्रहाला मी एकदा नको म्हटलं नाही आणि पुढे बत्तीस वर्षं म्हटलं नाही. उजव्या गालात, खालच्या दाढांच्या शेजारी, ती गोळी ठेवायची. दुपारची शाखा, पुढे रात्रीचं लिखाण, सगळं त्या गोळीवर चालायचं. माझ्या तीन कादंबऱ्यांतल्या बऱ्याच पानांना तिचा वास आहे.

त्याच उजव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा पन्नाशीनंतर हलू लागल्या. किडल्या नव्हत्या, दुखतही नव्हत्या. हिरड्या मागे सरल्या, ब्रशला रक्त लागू लागलं आणि दाढा नुसत्या डुलत राहिल्या. आपल्याकडे याला पूर्वीपासून पायोरिया म्हणतात. २०१७ मध्ये दोन्ही काढाव्या लागल्या. वर्षभर एका बाजूने जेवलो आणि मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने इम्प्लांटचं सुचवलं. ‘कवळीची कटकट नको, एकदाच खर्च कर आणि विसरून जा.’ माझं सगळं पुढचं दुखणं त्या ‘विसरून जा’मध्ये आहे.

इम्प्लांट म्हणजे काय, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा एक छोटा मळसूत्री खिळा बसवतात. हाड त्याला तीनचार महिन्यांत घट्ट धरून ठेवतं आणि मग त्यावर कॅप बसते. ही युक्ती सापडली ती अपघाताने. स्वीडनमधले संशोधक पेर-इंग्वर ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून आतलं रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाडाने तिला आपलीच मानलं होतं. १९६५ साली त्यांनी यॉस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात असे खिळे बसवले. २००६ मध्ये तो गृहस्थ वारला, तोवर चाळीस वर्षं त्या खिळ्यांनी त्याला साथ दिली. जगातल्या दंतवैद्यांचा या पद्धतीवर विश्वास बसायला मात्र १९८२ची टोरांटोची परिषद यावी लागली.

म्हणजे हा इलाज पक्का आहे, यात शंका नाही. बहुसंख्य लोकांचे इम्प्लांट वर्षानुवर्षं टिकतात. माझेही दोन्ही सुरेख बसले. २०१९च्या एप्रिलमध्ये कॅप बसली आणि त्या रात्री मी उजव्या बाजूने भाजलेले शेंगदाणे खाल्ले. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण आपल्यापुरती खोटी ठरली, असं वाटलं. निघताना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. दोन दातांमधल्या फटीसाठी दिलेला बाटलीच्या ब्रशसारखा बारीक ब्रश रोज रात्री फिरवायचा. साखरेची तपासणी वेळेवर करायची. मी मान डोलावली. कर्ज मंजूर झाल्यावर ऋणको अगदी अशीच मान डोलावतो.

पहिल्या सहा महिन्यांनी गेलो. दुसऱ्या वेळी, २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदी होती. ते कारण खरं होतं. २०२१ आणि २०२२ मध्ये तेच कारण मी पुढे वापरत राहिलो, ते खोटं होतं. बारीक ब्रश दोन महिन्यांत वाकला, तो पुन्हा आणला नाही. दात धातूचा आहे, त्याला कीड लागत नाही, मग जपायचं काय, असा माझा हिशेब होता. त्यातलं पहिलं विधान बरोबर होतं. टायटॅनियमला कीड लागत नाहीच. पण तो ज्या हाडात आणि हिरडीत उभा असतो, ते हाड आणि ती हिरडी माझीच होती.

२०२२च्या दिवाळीच्या सुमाराला त्या बाजूला चूळ भरताना कधी कधी रक्त दिसायचं. तोंडाला वास येतो, असं पत्नीने दोनदा सांगितलं. दुखत काहीच नव्हतं. आणि दुखत नाही तोवर डॉक्टरकडे जायचं नाही, हा आपल्या मध्यमवर्गाचा अलिखित कायदा आहे. २०२३च्या फेब्रुवारीत मागचा दात जिभेने ढकलला तर हलला. मग धावलो.

डॉक्टरांनी हिरडीवर बोट दाबलं, तर पू आला. एक्स-रे काढून त्यांनी संगणकावर जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. जुन्या चित्रात खिळ्याच्या मानेपर्यंत हाड पोचलेलं होतं. नव्यात त्या खिळ्याभोवती बशीसारखा काळा खड्डा पडला होता आणि खिळ्याचं फक्त टोक हाडात उरलं होतं. पुढच्या इम्प्लांटचा खड्डा उथळ होता. ‘काका, मागचा काढावा लागेल. पुढच्याची हिरडी उघडून साफ करून बघू. वाचेल असं वाटतं.’

मागचा निघाला. पुढचा वाचला आहे, अजून तरी. काढलेला खिळा मी मागून घेतला. त्याच्या आट्यांमध्ये पिवळट-काळं किटण बसलं होतं, जसं माझ्या जुन्या दाढांवर असायचं. ज्याने मूळच्या दाढा नेल्या, तेच साडेतीन-चार वर्षांत नव्यावर येऊन बसलं होतं. तो खिळा एका प्लास्टिकच्या पुडीत माझ्या लिहायच्या टेबलावर असतो.

त्यानंतर मी जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आपला नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. ती चावण्याचा दाब झेलते, दाब जास्त झाला तर मेंदूला कळवते, आणि तिच्यातून रक्तपुरवठाही होतो. हिरडीतले तंतूही दाताच्या मुळात शिरून त्याला गच्च धरतात, त्यामुळे वरची घाण खाली उतरायला जरा अडसर असतो. इम्प्लांटला ही गादी नसते. हिरडीचे तंतू त्याच्यात शिरत नाहीत, नुसते बाजूने गुंडाळून बसतात, हातात सैल बांगडी असावी तसे. त्यामुळे जंतूंचा थर एकदा खाली सरकला, की हाडापर्यंतची वाट मोकळी. आणि धातूला संवेदना नसल्यामुळे तो बोंबही मारत नाही. माझ्या बाबतीत चार वर्षं कोणीच बोंब मारली नाही.

या दुखण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीत फक्त हिरडी सुजते, लाल होते, हात लावला की रक्त येतं. या पायरीवर नीट सफाई केली तर सूज परतते. दुसरीत हाड झिजू लागतं. ते गेलेलं हाड सहजासहजी परत येत नाही आणि पुढची झीज अनेकदा वेग घेते. म्हणून पहिल्या पायरीवरचं ते थेंबभर रक्त ही खरी नोटीस असते. बँकेत हप्ता ९० दिवस थकला, की खातं अनुत्पादक ठरतं. पण शहाणा व्यवस्थापक नव्वदाव्या दिवसाची वाट पाहत नाही, पहिला हप्ता चुकला की फोन उचलतो. मी आयुष्यभर इतरांना फोन केले आणि स्वतःला आलेला फोन घेतला नाही.

दातांवरच्या त्या पांढऱ्या थराची कथा जुनी आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी वान लेव्हेनहूक रोज सकाळी मिठाने दात घासायचा, अगदी आपल्या आजोबांसारखा. तरीही फटीत काही पांढरं उरतं, हे पाहून त्याने ते स्वतः घडवलेल्या भिंगाखाली धरलं आणि त्याला वळवळणारे जीव दिसले. १६८३ साली त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. पण हा थर हिरड्यांच्या आजाराचं कारण आहे, हे माणसांवर प्रयोग करून दाखवायला १९६५ साल उजाडलं, म्हणजे ब्रोनेमार्कचा पहिला रुग्ण ज्या वर्षीचा, तेच वर्ष. डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, सूज गेली. पुढे १९९४ मध्ये इम्प्लांट बसवलेल्या लोकांवर तसाच प्रयोग झाला, आणि घासणं थांबताच तिथेही तेच दिसलं.

आता आरोग्याचा प्रश्न. खरं सांगायचं, तर मला मधुमेहावर खापर फोडायचं होतं. आमच्या घराण्यातच साखर आहे, वडिलांना होती, मी काय करणार, अशी माझी तयारी होती. डॉक्टरांनी ती वाट बंद केली. त्यांनी सांगितलं, की २०१७ साली शिकागोत जगभरचे तज्ज्ञ याच विषयावर बसले होते. इम्प्लांटभोवतीचं हाड झिजण्याची भक्कम पुराव्याची कारणं त्यांनी तीन दिली. पूर्वी पायोरिया झालेला असणं, सफाई नीट नसणं, आणि नियमित तपासणीला न जाणं. मधुमेह आणि धूम्रपान यांच्याबद्दल या विशिष्ट आजारापुरता पुरावा अजून निर्णायक नाही, असं त्यांचं मत पडलं. तुमच्यात पहिली तिन्ही होती, असं म्हणून डॉक्टर गप्प राहिल्या.

‘म्हणजे साखरेचा आणि तंबाखूचा संबंध नाही?’ मी थोडा आशेने विचारलं.

‘असं कुठे म्हटलं मी? साखर वाढलेली असली की जखम उशिरा भरते, जंतूंशी लढायची ताकद कमी होते, हाडाची पकड बसायला वेळ लागतो. साखर ताब्यात असेल तर मधुमेह्याचा इम्प्लांटही चांगला टिकतो. सिगारेट ओढणाऱ्यांचे इम्प्लांट सुरुवातीलाच निकामी होण्याचं प्रमाण जास्त असतं. शिवाय त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे धोक्याची खूणच झाकली जाते. आणि तंबाखूची गोळी जिथे ठेवतात, तिथली हिरडी मागे सरते.’ मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘तुम्ही उजव्या बाजूला ठेवता ना?’

त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तोंड उघडल्यावर तिथे काय लपतं? माझी आडवी रेघ त्यांनी वाचली होती, मी वाचायचो तशीच. त्यांनी तेव्हाच खडसावून विचारायला हवं होतं, असं आज मला वाटतं. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला खोटं पाडायला त्याही संकोचल्या असाव्यात. दोघांच्या संकोचात एक दाढ गेली.

हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं, तर कदाचित लिहिलं नसतं. पण गेल्या वर्षी कऱ्हाडहून अक्का आली. माझी थोरली बहीण, वय ७२. लहानपणी आम्ही दोघं राखुंडीने दात घासायचो. लग्नानंतर तिला सासरी मशेरीची सवय लागली, ती आजतागायत आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण तिला कुणी व्यसन म्हणत नाही. दात घासण्याच्या नावाखाली चालणारं हे व्यसन आपल्याकडे घरोघरच्या बायकांत आहे आणि डॉक्टरने ‘तंबाखू खाता का’ म्हणून विचारलं, तर त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. अक्काची खालची कवळी सैल झाली होती. तिने कुठे तरी ‘कायमचे दात’ अशी जाहिरात पाहिली होती.

‘तुझ्यासारखे बसवून घेते. पैसे आहेत माझ्याकडे,’ ती म्हणाली.

मी तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. या वेळी अर्ज मी भरला आणि एकही रेघ आडवी ओढली नाही. मशेरी, रोज दोनदा. रक्तदाबाची गोळी. मधुमेह नाही. ‘आणखी काही औषध?’ अक्का म्हणाली, ‘नाही.’ मी तिची पिशवी उघडून कागद पाहिले, तर हाडं ठिसूळ झाली म्हणून तीन वर्षं ती वर्षातून एकदा सलाईनमधून एक औषध घेत होती.

‘अरे, ते कमरेच्या हाडांचं आहे. दाताला काय त्याचं?’

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण हाडाची नव्याने घडण्याची गतीही मंदावते. क्वचित अशा रुग्णांत जबड्यावर शस्त्रक्रिया झाली, की तिथलं हाड भरून न येता उघडं पडतं आणि मरतं. २००३ पासून हा धोका वैद्यकाला माहीत आहे. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्यांत तो जास्त, अक्कासारख्यांत कमी, पण शून्य नाही. त्यांनी अक्काच्या हाडांच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावला. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, हे अक्काला बजावलं. शेवटी ठरलं, की तिच्या बाबतीत खिळे नकोत. कवळीच नव्याने नीट मापाची करायची. अक्का थोडी हिरमुसली. पण तीन आठवड्यांनी नव्या कवळीने भाकरी खाताना मी तिला पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. मी गप्प बसलो असतो तर?

म्हणून इम्प्लांटचा विचार करणाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. तोंड हा बहुतेकांच्या बाबतीत जुना थकबाकीदार असतो. पहिले दात का गेले, याचा निकाल लागल्याशिवाय त्याला नवं कर्ज देऊ नका. हिरड्यांचा आजार आधी बरा करून घ्या. अर्जात सगळं लिहा, मशेरीपासून वर्षातून एकदा घेतलेल्या इंजेक्शनपर्यंत, जबड्याला कधी किरणोपचार झाले असतील तर तेही. कॅप बसली त्या दिवशीचा एक्स-रे आणि इम्प्लांटची कंपनी व माप लिहिलेलं कार्ड मागून घ्या. डॉक्टर बदलला किंवा गाव बदललं, तर त्या कागदावाचून पुढच्याचं अडतं. आणि ‘कायमचे’ हा शब्द ऐकलात, की सावध व्हा. बँकेत कायमची ठेवसुद्धा दर काही वर्षांनी नूतनीकरणाला येते.

दात कोरून पोट भरत नाही, असं आपण म्हणतो. पण रोज रात्री दोन मिनिटं त्या बारीक ब्रशने दात कोरले असते, तर माझी एक दाढ आणि एका महिन्याचा पगार वाचला असता.

अक्का परत निघाली त्या दिवशी एसटी स्टँडवर तिने विचारलं, ‘माझी मशेरी सोडायला सांगतोस, तुझी डबी कुठे आहे?’ ती तेव्हा खिशातच होती. कादंबरीकाराला या जागी एखादं चांगलं वाक्य सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही. गाडी सुटल्यावर डबी तिथल्याच कचऱ्याच्या पेटीत टाकली. दोन दिवसांनी नवी आणली, हेही सांगायला हवं. तीही टाकली, पण तिला आणखी तीन महिने लागले.

रिकाम्या जागी पुन्हा इम्प्लांट बसवायचा का, हे विचारायला मी परवा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुन्हा तोच छापील अर्ज हातात दिला. एचबीएवनसी : ७.२, गेल्या महिन्यात. तंबाखू : हो, १९८६ पासून, बंद केल्याला १४२ दिवस. त्यांनी चष्मा खाली सरकवून तो रकाना वाचला. ‘काका, आणखी थोडे दिवस जाऊ देत. मग बघू,’ म्हणाल्या आणि अर्ज फाइलला लावला. मीही त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.